रब्बीचे गवत

मध्य न्यू जर्सीत घरापुढच्या हिरवळीचे वर्ष भाद्रपदात सुरू होते, असे मी इथे नव्याने घर घेणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला सांगत असते आणि बहुतेकांचा त्यावर विश्वास बसत नाही. त्याला कारणही आहे. एप्रिल उजाडला की मोठ्या दुकानांच्या दारात खताच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात, हिरव्यागार अंगणांच्या जाहिराती सुरू होतात, आणि थंडीने चार-पाच महिने घरात कोंडून घातलेली माणसे हुरूप येऊन बी पेरायला बाहेर पडतात. ते बी उगवते, मेअखेरीस अंगण पाहून समाधान वाटते, आणि जुलै संपेपर्यंत त्यातले बहुतेक गवत जळून गेलेले असते. दोष बियांचा नसतो आणि पेरणाऱ्याच्या हाताचाही नसतो. हे पीक रब्बीचे आहे आणि ते उन्हाळ्याच्या तोंडावर पेरले गेले, एवढेच त्यामागचे कारण असते.

न्यू जर्सीच्या अंगणांत दिसणारी मुख्य गवते तीन: टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास आणि पेरेनियल रायग्रास. तिन्ही मूळची युरोपाकडची, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिन्ही गव्हाच्याच उपकुळातली. गव्हाला जे हवे तेच यांना हवे: कोमट जमीन, थंड रात्री, कोवळे ऊन. पानांची वाढ साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात सर्वांत चांगली होते आणि मुळांना तर त्याहूनही थंड, १० ते १८ अंशांची जमीन मानवते. उष्मा वाढला की पानांतले जे विकर (एन्झाइम) हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते तेच अधिकाधिक वेळा ऑक्सिजन धरू लागते, आणि तयार झालेले अन्न त्या गोंधळात वाया जाते. त्यातच रात्रीही उकाडा राहिला तर श्वसनाचा खर्च कमी होत नाही, त्यामुळे जुलैमध्ये हे गवत कमावते त्याहून अधिक खर्च करत असते आणि ती तूट मुळांतून भरून काढते. एप्रिलमध्ये पेरलेल्या रोपाजवळ शिल्लक अशी काही नसते, कारण शिल्लक टाकण्याइतका काळच त्याला मिळालेला नसतो.

आपल्याकडची हरळी याच्या नेमकी उलट. ऊस, ज्वारी आणि मका यांच्याप्रमाणे हरळीच्या पानातही कार्बन डायऑक्साइड आधी साठवून मग वापरण्याची व्यवस्था असते, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात ती पसरते आणि थंडी पडली की पिवळी पडून झोपी जाते. म्हणूनच इकडून जाताना फेस्क्यूच्या बियांचे पुडके पुण्याला न्यावे का, असे कुणी विचारले तर माझे उत्तर नाही असेच असते. दिवाळीनंतर पेरलेले बी तिथे उगवेल आणि संक्रांतीपर्यंत देखणेही दिसेल, पण एप्रिलचे ऊन त्याला सोसणार नाही. पुण्याच्या अंगणात हरळीच बरी, आणि ती गणपतीलाही चालते.

तीन गवतांपैकी माझे मत टॉल फेस्क्यूला आहे. केंटकी ब्लूग्रास दिसायला अधिक सुंदर असते यात शंका नाही. त्याचे पान होडीच्या नाळेसारखे टोकाला मिटलेले असते, रंग निळसर गर्द असतो, आणि जमिनीखालून धावणाऱ्या खोडांमुळे मध्ये पडलेली मोकळी जागा ते स्वतःच भरून काढते. पण त्याची मुळे उथळ असतात, पाणी तुटले की ते पटकन तपकिरी होऊन सुप्तावस्थेत जाते, आणि बी उगवायला दोन ते चार आठवडे घेते. रायग्रास आठवड्यात उगवते, परंतु कडक हिवाळा आणि कडक उन्हाळा या दोहोंपुढे ते कच्चे पडते. फेस्क्यू गुच्छाने वाढते, पसरत नाही, त्यामुळे पडलेली जागा आपल्यालाच भरावी लागते, मात्र मुळे दोन-तीन फूट खोल जाऊ शकतात आणि इतर अंगणे करपलेली असताना ते बराच काळ तग धरते. पान बोटांत धरून पाहिले की ओळख पटते: वरच्या बाजूला उभ्या शिरा स्पष्ट उठलेल्या, खालची बाजू चकचकीत, आणि कडा खालच्या दिशेने चाचपली तर करवतीसारखी किंचित खरखरीत लागते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पहिल्यांदा इथे आले तेव्हा त्यांनी अंगणाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “एवढं खत-पाणी घालतेस, मग हे कापून कुणाला घालता?” कुणालाच घालत नाही, हे उत्तर सांगली जिल्ह्यात जन्मभर ऊस आणि गहू केलेल्या माणसाला देणे अवघड होते. पण त्या प्रश्नात जितके वाटते त्याहून अधिक तथ्य होते, कारण टॉल फेस्क्यू मुळात जनावरांचेच गवत. १९३१ साली केंटकी विद्यापीठातले प्राध्यापक ई. एन. फर्गस यांनी मेनिफी काउंटीतल्या एका डोंगरउतारावरच्या शेतात हे गवत हिवाळ्यातही हिरवे राहिलेले पाहिले, बी नेले, चाचण्या घेतल्या आणि १९४३ मध्ये ‘केंटकी-३१’ या नावाने वाण प्रसारित झाले. दुष्काळात टिकणारे, निकस जमिनीत येणारे, धूप थांबवणारे गवत म्हणून ते अमेरिकेच्या आग्नेय भागात लक्षावधी एकरांवर पसरले. पुढे गुरे त्यावर चरून आजारी पडू लागली: कुणाची शेपटीची टोके गळाली, कुणाचे खूर सडले, उन्हाळ्यात जनावरे सावली आणि पाणी सोडेनात. गवत वरून निरोगी आणि गुरे मात्र रोगट, हे कोडे १९७०च्या दशकात सुटले. गवताच्या आत, पेशींच्या मधल्या जागेत, एक बुरशी राहते. ती बाहेरून दिसत नाही, गवताला त्रास देत नाही, आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते. तिची अल्कलॉइडे (विषारी द्रव्ये) गुरांच्या रक्तवाहिन्या आकसवतात.

गोठ्यात जी बुरशी शाप ठरली तीच अंगणात उपकारक आहे, कारण तिच्यामुळे पाने व खोड खाणारे कित्येक किडे या गवताच्या वाटेला जात नाहीत. म्हणून अंगणासाठी विकल्या जाणाऱ्या चांगल्या वाणांत ती मुद्दाम राखलेली असते. मात्र बी उष्ण जागेत वर्ष-दोन वर्षे पडून राहिले तर ती आधी मरते आणि बी नंतर. गॅरेजमधली गेल्या वर्षीची उरलेली पिशवी उगवेल, पण ते संरक्षण तिच्यात असेलच असे नाही. अण्णांना हे सगळे सांगितल्यावर ते म्हणाले की मग हे कुणाला घालत नाही तेच बरे.

अंगणातली आजची फेस्क्यू त्या जुन्या केंटकी-३१ इतकी राठ राहिलेली नाही, आणि याचे श्रेय बऱ्याच अंशी आमच्या राज्याला जाते. रटगर्स विद्यापीठातील सी. रीड फंक यांनी १९६०च्या दशकापासून हिरवळीच्या गवतांची पैदास हाती घेतली आणि जुन्या उद्यानांतून, दफनभूमींतून, कुणी लक्ष न देताही टिकून राहिलेल्या गवताच्या चकत्या उचलून आणायची पद्धत रूढ केली. १९६७ साली आलेले ‘मॅनहॅटन’ रायग्रास न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या अशाच गवतापासून निघाले, आणि बारीक पानांच्या, गर्द रंगाच्या टॉल फेस्क्यूची पहिली पिढी १९८०च्या आसपास त्यांच्याच कार्यक्रमातून बाजारात आली. शेकडो पावलांखाली तुडवले जाऊनही जिवंत राहिलेले गवत निवडायचे, ही कल्पना मला प्रयोगशाळेतल्या कोणत्याही हुशारीपेक्षा अधिक पटते.

बी विकत घेताना पिशवीच्या दर्शनी भागावरचे चित्र पाहू नये, मागची पट्टी वाचावी. कायद्याने त्या पट्टीवर गवताचा प्रकार, शुद्धतेची टक्केवारी, उगवणशक्ती, तपासणीची तारीख, तणांचे बी किती आणि निष्क्रिय पदार्थ किती, हे सगळे द्यावे लागते. काही स्वस्त पिशव्यांत बियांवर लेप असतो आणि वजनाचा जवळजवळ अर्धा भाग त्या लेपाचाच असतो. म्हणजे आपण निम्मे पैसे चुनखडीसारख्या पदार्थाला देतो. ‘इतर पिकांचे बी’ असा जो रकाना असतो तो मला तणाच्या रकान्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात बहुवर्षायू चराऊ गवतांचे बी असू शकते आणि ते एकदा अंगणात शिरले की निवडक तणनाशकाने काढता येत नाही. वाणाच्या जागी नुसते ‘वाणाचा उल्लेख नाही’ असे लिहिलेले असेल तर ती पिशवी परत ठेवावी. एकाच वाणाऐवजी तीन-चार फेस्क्यू वाणांचे मिश्रण घ्यावे, त्यात पाच-दहा टक्के ब्लूग्रास असले तर उत्तम, कारण मोकळ्या जागा सांधण्याचे काम ते करते.

जमिनीविषयी थोडक्यात सांगते. आमच्या भागात तांबड्या शेल खडकापासून झालेली चिकण माती आहे, आणि घर बांधताना बिल्डरने वरचा सुपीक थर खरवडून नेलेला असतो, त्यामुळे चार इंचांखाली फावडे ठणकते. माती आम्लधर्मी असते; या गवतांना सामू (पीएच) ६ ते ६.५च्या दरम्यान लागतो. चुना किती टाकायचा हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नये, रटगर्सच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. खर्च एका खताच्या पिशवीपेक्षा कमी येतो आणि अहवालात चुन्याचे प्रमाण १,००० चौरस फुटांच्या हिशेबाने लिहून मिळते. घट्ट जमिनीसाठी भाड्याने मिळणारे एरेटर यंत्र आणावे. ते जमिनीतून दोन-तीन इंच लांबीच्या मातीच्या कांड्या उपसून वर टाकते. कांड्या तशाच पडू द्याव्यात, पावसाने विरघळून जातात. काट्यांची नुसती भोके पाडणारी यंत्रे मिळतात त्यांचा चिकण मातीत उपयोग नाही, कारण ती भोकाच्या कडेची माती आणखी दाबतात.

आता पेरणी. आमच्या भागात ऑगस्टचा तिसरा आठवडा ते सप्टेंबरअखेर हा खरा हंगाम, आणि गणेश चतुर्थी बहुधा त्यातच येते, म्हणून मी भाद्रपदाची खूण सांगते. मात्र पंचांगावर फार विसंबू नये: २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, पण २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती १९ सप्टेंबरपर्यंत लांबली, आणि अशा वर्षी बाप्पांची वाट न पाहता पेरून मोकळे व्हावे. या काळात जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते म्हणून उगवण झपाट्याने होते, हवा थंडावत जाते म्हणून रोप कोमेजत नाही, आणि उन्हाळी तणे आपले आयुष्य संपवत आलेली असतात. पुढे थंडी पडेपर्यंत दोन-अडीच महिने आणि नंतर वसंताचे दोन-तीन महिने असा दोन टप्प्यांचा काळ मुळांना मिळतो, आणि मगच पहिला उन्हाळा समोर येतो.

नव्या जमिनीला १,००० चौरस फुटांमागे सहा ते आठ पौंड फेस्क्यू लागते. जुन्या हिरवळीत नांगे भरायचे असतील तर निम्मे पुरते. ब्लूग्रासचे बी इतके बारीक असते की तेवढ्याच जागेला दोन-तीन पौंड पुष्कळ होते. दाट पेरले म्हणजे दाट उगवेल असे वाटते, पण गर्दीतली रोपे लुकडी राहतात, फुटवे कमी फुटतात आणि बुरशीला आमंत्रण मिळते. जुने गवत आधी दीड-दोन इंचांपर्यंत खाली कापावे, दाताळ्याने वाळलेला थर ओढून काढावा, आणि मग बी दोन भागांत विभागून एक भाग उभे चालत आणि दुसरा आडवे चालत पसरावा. बी मातीला चिकटले पाहिजे, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दाताळे उलटे करून त्याच्या पाठीने हलका हात फिरवला की पाव इंचाच्या आतबाहेर माती चढते. त्याहून खोल गेलेले बी वर येत नाही. वर पीट मॉसचा (कुजलेल्या शेवाळाच्या भुसभुशीत चुऱ्याचा) पातळ थर द्यावा. तो सुकला की फिका पडतो आणि ओला असला की काळपट दिसतो, म्हणून पाणी केव्हा द्यायचे हे दुरूनही कळते.

उगवणीपर्यंत पाणी थोडे थोडे, दिवसातून दोन-तीन वेळा, फक्त वरचा अर्धा इंच ओला राहील इतकेच. इथे तळे साचवणाऱ्यांचे बी वाहून उताराच्या तळाशी गोळा होते आणि तिथे झुबके उगवतात. सातव्या-आठव्या दिवशी सकाळी जमिनीलगत डोळे नेऊन पाहिले तर केसासारखी हिरवी टोके दिसतात, प्रत्येक टोकावर दवाचा किंवा पानाने स्वतःच बाहेर टाकलेल्या पाण्याचा एकेक थेंब असतो. उभ्याने पाहिले तर अजून काहीच उगवलेले नाही असे वाटते. इथून पुढे पाण्याच्या पाळ्या कमी करत जायच्या आणि प्रत्येक पाळी खोल करत न्यायची. रोपे साडेतीन-चार इंचांची झाली की पहिली कापणी, तीही जमीन वापशावर असतानाच, कारण ओल्या मातीत मॉवरची, म्हणजे गवत कापायच्या यंत्राची, चाके कोवळी मुळे उखडून टाकतात.

खताच्या बाबतीत न्यू जर्सीचा २०११ सालचा कायदा देशातल्या कडक कायद्यांपैकी एक गणला जातो, आणि मला तो मनापासून मान्य आहे. अंगणांतून वाहून गेलेल्या नत्राने बार्नेगॅट उपसागराचे पाणी बिघडत चालले होते, त्यातून हा कायदा आला. माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवी पेरणी अथवा डागडुजी असल्याशिवाय स्फुरद टाकता येत नाही, पिशवीतले किमान २० टक्के नत्र हळूहळू सुटणारे असावे लागते, आणि घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात खत टाकता येत नाही. एका वेळी १,००० चौरस फुटांना ०.९ पौंड आणि वर्षाला ३.२ पौंड नत्र ही कमाल मर्यादा. हिशेब सोपा आहे: २४ टक्के नत्राची ३० पौंडांची पिशवी म्हणजे ७.२ पौंड नत्र, ती ८,००० चौरस फुटांपेक्षा कमी जागेत संपवायची नाही. मी वर्षाच्या नत्रापैकी मोठा वाटा सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये देते. त्या वेळी पानांची उंची वाढणे मंदावलेले असते पण प्रकाशसंश्लेषण चालू असते, त्यामुळे दिलेले नत्र फुटव्यांत, मुळांत आणि साठ्यात जाते. एप्रिलमध्ये दिलेले तेच नत्र पानांत जाते, आठवड्यातून दोनदा मॉवर ओढावे लागते, आणि मुळे आहेत तिथेच राहतात.

ऑक्टोबरात मेपल आणि ओकची पाने पडू लागली की ती गोळा करून पिशव्यांत भरण्याचा इथे मोठा उपद्व्याप चालतो. थर फार जाड नसेल तर मॉवर दोनदा फिरवून त्यांचा चुरा करावा; हिवाळ्यात तो कुजून मातीत जातो. मात्र अखंड पानांचा ओला थर नव्या रोपांवर राहू देऊ नये. डिसेंबर ते फेब्रुवारी करण्यासारखे काही नाही. बर्फ वितळल्यावर करड्या बुरशीची वर्तुळे दिसली तर दाताळ्याने विस्कटावीत, औषध लागत नाही. रस्त्याच्या कडेची हातभर पट्टी बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने मेलेली असते, तिला फक्त भरपूर पाणी.

वसंतात एकच काम वेळेवर करावे लागते, ते क्रॅबग्रासच्या बंदोबस्ताचे. हे हरळीसारखेच उष्ण हवेतले, पण एका हंगामाचे तण. ते पहिल्या कडाक्याच्या थंडीने मरते आणि मागे हजारोंनी बी टाकून जाते. जमिनीचे तापमान सलग काही दिवस १३ अंशांच्या आसपास राहिले की त्याचे बी उगवू लागते. फोर्सिथिया या झुडपाची पिवळी फुले बहरात आली की उगवणपूर्व तणनाशक पसरायला निघावे आणि ती गळून जाण्याआधी काम उरकावे, ही इथली जुनी खूण आहे आणि ती दुकानातल्या वेळापत्रकापेक्षा भरवशाची आहे. पण प्रोडायमीनसारखे औषध क्रॅबग्रासच्या बियांबरोबर फेस्क्यूच्या बियांनाही उगवू देत नाही. वसंतात पेरणी करू नये याचे हे आणखी एक व्यावहारिक कारण: पेरले तर तण रोखता येत नाही, आणि तण रोखले तर पेरता येत नाही.

कापणीविषयी लोक फारसे बोलत नाहीत, पण माझ्या मते खत, औषध आणि पाणी या तिघांपेक्षा मॉवरच्या चाकाजवळचा उंचीचा खटका अधिक काम करतो. तो साडेतीन ते चार इंचांवर ठेवावा आणि हंगामभर तिथेच राहू द्यावा. उंच पान अधिक अन्न बनवते, त्या प्रमाणात मुळे खोल जातात, जमिनीवर सावली पडून ती थंड राहते, आणि क्रॅबग्रासच्या बियांना हवा असलेला उजेड मिळत नाही. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. कापलेले तुकडे तिथेच पडू द्यावेत. त्यांतून वर्षाच्या नत्राचा चांगला हिस्सा जमिनीला परत मिळतो. पाते बोथट असेल तर गवत कापले जात नाही, फाटते, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या अंगणावर पांढुरकी झाक येते. एक पान तोडून त्याचे टोक पाहिले तर धागे लोंबताना दिसतात. अशा वेळी लोक पाणी वाढवतात किंवा खत टाकतात, आणि खरे तर कानस हातात घ्यायची असते. अर्थात पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढून.

उन्हाळ्यात हात आवरणे हेच काम. रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर राहू लागले आणि हवेत दमटपणा असला की फेस्क्यूवर ब्राउन पॅच ही बुरशी येते. पहाटे दव असताना वर्तुळाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसतात आणि ऊन चढले की नाहीसे होतात. जूनमध्ये नत्र दिलेल्या आणि संध्याकाळी पाणी घातलेल्या अंगणात ती हमखास येते, कारण कोवळे लुसलुशीत पान आणि रात्रभराचा ओलावा तिला एकदमच मिळतो. पाणी द्यायचेच तर पहाटे, आठवड्याला पाऊस धरून इंचभर, एक-दोन खोल पाळ्यांत. दुष्काळी वर्षी नळाच्या पाण्यावर बंधने येतात, तेव्हा गवत तपकिरी होऊ द्यावे. ब्लूग्रास तर मुद्दामच झोपी जाते; दोन-तीन आठवड्यांतून अर्धा इंच पाणी मिळाले तरी त्याचा गाभा जिवंत राहतो. अर्धवट पाणी घालून त्याला पुन्हा पुन्हा जागे करणे मात्र त्याचा उरलेला साठा संपवते.

आणि मग हुमणी, म्हणजे मुळे खाणारी भुंगेऱ्याची अळी. सांगली-कोल्हापूरच्या ऊस उत्पादकाला जे नाव ऐकून घाम फुटतो ती इथेही आहे, फक्त जात वेगळी. जपानी भुंगेरा अमेरिकेत प्रथम सापडला तो १९१६ साली न्यू जर्सीतच, रिव्हर्टन गावाजवळच्या रोपवाटिकेत. हिरवट सोनेरी डोके आणि तांबूस पाठीचा हा देखणा किडा जूनअखेरीस बाहेर पडतो, गुलाबाची आणि द्राक्षवेलीची पाने चाळणीसारखी करतो, आणि जुलैमध्ये हिरवळीत अंडी घालतो. अळ्या ऑगस्टमध्ये बाहेर येऊन मुळे खाऊ लागतात. अंगणाचा एखादा भाग पाणी असूनही मलूल दिसला तर फूटभर चौकोनाच्या तीन बाजू फावड्याने कापाव्यात आणि गवत गालिच्यासारखे उलटवावे. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या, तपकिरी डोके, मागच्या टोकाला मातीने काळसर दिसणारे पोट: अण्णांनी पाहताक्षणी ओळखल्या. चौरस फुटात दोन-चार असतील तर निरोगी हिरवळ त्या पचवते. दहाच्या पुढे गेल्या तर गवत हातात येते. स्कंक आणि रॅकून रात्री येऊन त्या शोधायला अंगण उकरतात, आणि बहुतेकांना अळ्यांचा पत्ता त्या उकरण्यावरूनच लागतो.

आपल्याकडे वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे रात्री बाभळीवर आणि कडुनिंबावर जमतात, तेव्हा शेतकरी फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात पाडतात. इथेही सकाळच्या गारव्यात सुस्तावलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात पाडता येतात, पण दुकानात मिळणारे गंधाचे सापळे लावू नयेत. ते जितके पकडतात त्याहून अधिक भुंगेरे आपल्या अंगणाकडे ओढून आणतात. औषधच हवे तर क्लोरँट्रानिलिप्रोल एप्रिल ते जूनच्या दरम्यान टाकून पाणी द्यावे. ते जमिनीत हळूहळू उतरते आणि अंड्यांतून अळ्या निघतील तेव्हा तयार असते. मधमाश्यांनाही त्याचा धोका फार कमी आहे. भुंगेऱ्यांची मादी अंडी घालायला ओलसर जमीन शोधते आणि कोरड्या मातीत ती अंडी सुकून मरतात, त्यामुळे जुलैभर तुषारसंच चालवणाऱ्या अंगणात हुमणी अधिक आणि तपकिरी पडू दिलेल्या अंगणात कमी आढळते.

एवढे सगळे सांगूनही अंगण जितके लहान तितके बरे, असेच माझे मत आहे. उपग्रहचित्रांच्या आधारे केलेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की अमेरिकेत मैदाने, उद्याने आणि अंगणे मिळून सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटरवर हिरवळ आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्र. मुले खेळतात तेवढी जागा, पाहुणे बसतात तेवढी जागा फेस्क्यूखाली ठेवावी आणि बाकीच्यात झुडपे, भाजी, स्थानिक फुलझाडे लावावीत. पांढऱ्या क्लोव्हरला, म्हणजे गवतात उगवणाऱ्या त्या तीन पानी शेंगवर्गीय रोपाला, तर मी तण मानणेच सोडून दिले आहे. ते हवेतले नत्र जमिनीत आणते, उन्हाळ्यात गवताआधी पिवळे पडत नाही, आणि १९४०च्या दशकात टू-फोर-डी हे तणनाशक येईपर्यंत हिरवळीच्या बियांच्या मिश्रणात ते रीतसर घातले जात असे. रुंद पानांची सगळी रोपे ज्याने मरतात ते औषध आल्यावर क्लोव्हर गुन्हेगार ठरले.

राहता राहिली झाडाखालची जागा. नॉर्वे मेपलखाली उन्हही पोचत नाही आणि त्याची उथळ मुळे पाणीही उरू देत नाहीत, आणि तरीही दरवर्षी तिथे बी पेरणारी माणसे मी पाहते. दिवसातून चार तास ऊन मिळत असेल तर बारीक पानांचे फाइन फेस्क्यू तिथे येते, त्याला खतही फारसे लागत नाही. त्याहून कमी ऊन असेल तर लाकडाचा भुसा टाकावा आणि बुंध्याला तो टेकू देऊ नये.